ऑल्डरटनच्या सात हेडमास्तरांचे गाऊन

१० जून १९५६

आज गिरगाव सुटले. मुगभाटातल्या दोन खोल्यांतले सामान एका हातगाडीवर मावले आणि आम्ही परळच्या चढावर ऑल्डरटन स्कूलच्या आवारात येऊन पोचलो. इंग्रजी बोर्डिंग शाळा, समोर हिरवळ, मागे मेस, मध्ये घंटेचा मनोरा. दोन वर्षे मी इथे मराठी शिकवायला ट्रामने येत होतो. सरकारने मराठी सक्तीची केली म्हणून घेतलेला मास्तर, अशीच सगळ्यांची नजर. आता मी हाऊसमास्टर. मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी आणि राहायला क्वार्टर. आधीचे हाऊसमास्टर मिस्टर फेनविक अचानक केनियाला गेले आणि दुसरे कोणी तयार नव्हते, असे काही लोक म्हणतात. म्हणोत. योग्यता कधी ना कधी दिसतेच.

माझी बायको मृणालिनी हिने क्वार्टरची खिडकी उघडून पहिला प्रश्न विचारला, "भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"गिरणीच्या चाळी. लालबागचा भाग. पण घाबरू नकोस, भिंत चांगली उंच आहे."

"फाटक आहे ना?"

"आहे, मेसच्या मागे. भाजीवाल्यांसाठी."

"मग झालं," ती म्हणाली, आणि सामान लावायला लागली. बायकांची घाबरट जात. फाटक आहे म्हटल्यावर तिला भाजीची काळजी मिटली असावी.

१४ जून

हेडमास्तर हॉलिससाहेबांनी बोलावले. पुढल्या जानेवारीत शाळेला पंचाहत्तर वर्षे होतात. त्यानिमित्त त्यांच्या आधीच्या सात हेडमास्तरांचा छोटा इतिहास मी लिहावा असे बोर्डाने ठरवले आहे. (साहेब म्हणाले, "बाकी सगळे नाही म्हणाले." त्यांचा विनोद कोरडा असतो.) त्याचबरोबर हॉलमधले काचेचे कपाट माझ्या ताब्यात आले. निवृत्त होताना प्रत्येक हेडमास्तर आपला काळा गाऊन शाळेला ठेवून जातो, तशी प्रथा आहे. सात गाऊन, सात हँगर. किल्ली मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावली. तिथे ती सुरक्षित. तिथे मृणालिनीखेरीज कोणी जात नाही.

२ जुलै

इतिहासाची मांडणी आधी मराठीत करतो आहे, मग इंग्रजी करीन. अडचण एकच, हेडमास्तर लोक फार चमत्कारिक होते. संस्थापक रेव्हरंड पाइक मुलांना छत्रीने बदडीत. मी लिहिले, "शिस्तीवर त्यांनी सदैव छत्र धरले." दुसरे डॉक्टर स्कडमोर पोपटाला लॅटिन शिकवीत आणि वर्गाला विसरत. "अभिजात भाषा आणि प्राणिमात्र, दोहोंविषयी जिव्हाळा." तिसरे ओकली अकराच महिने टिकले आणि त्या काळात त्यांनी फक्त संडास बांधले. "त्यांच्या कार्याचा लाभ विद्यार्थ्यांना आजही रोज सकाळी होतो." चौथे कॅप्टन बर्ड, यांनी पहिल्या महायुद्धात मैदानात खंदक खणवले, ते पावसाळ्यात भरले, आणि त्यातून शाळेत पोहण्याचा विषय सुरू झाला.

मृणालिनीला वाचून दाखवले. ती डोळे पुसेपर्यंत हसली. मी म्हटले, हा गंभीर ग्रंथ आहे. ती म्हणाली, "म्हणूनच."

२३ जुलै

आमच्या घरी आता पापडवाली येते. अंबिकाबाई म्हणून लालबागची बाई आहे, गिरणीत साच्यावर काम करते आणि पाळी सुटली की पापड विकते म्हणे. मागल्या फाटकाने येते, दोघी आत बसून तासभर बोलतात. टोपली रिकामी आणते आणि झाकून नेते, याचे मला नवल वाटते. आणि इतके पापड घेऊनही पानात पापड दिसत नाही. विचारले तर मृणालिनी म्हणाली, "वाळत घातलेत."

इतक्या पावसात!

९ ऑगस्ट

सर्व वर्तमानपत्रांत एकच विषय. दिल्लीने गुजरात, महाराष्ट्र, मुंबई सगळे एकत्र करून मोठे द्विभाषिक राज्य करायचे ठरवले. लालबागमध्ये सभा, मिरवणुका. बोर्डाचे अध्यक्ष मिस्टर लॅम्बर्ट (कापसाच्या कंपनीचे साहेब, मान डावीकडे वळवायची असली तर सबंध शरीर वळवतात) यांनी सगळ्या स्टाफला जमवून बजावले, की शाळेतला कोणी माणूस किंवा त्याच्या घरचे कोणी या चळवळीत दिसले, तर नोकरी त्याच दिवशी संपली. मी सगळ्यांत पुढे बसून मान हलवली. त्यांनी ती पाहिली असावी.

घरी येऊन मृणालिनीला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दिसले, तर ना?"

मी म्हटले, "अर्थात. आपल्या घरात दिसण्यासारखं काही नाहीच."

१८ ऑगस्ट

एक गाऊन नाही! इतिहासासाठी डॉक्टर स्कडमोरांच्या गाऊनचे वर्णन लिहायला कपाट उघडले. लाल रेशमी किनारीचा तो एकच होता. हँगर रिकामा.

"कसर लागली असेल," मृणालिनी म्हणाली.

"कसर काय अख्खा गाऊन खाते? हाताएवढी किनारसुद्धा ठेवली नाही!"

"विलायती लोकर ना. आपल्याकडच्या कसरीला रोज कुठे मिळते?"

डांबराच्या गोळ्या आणून टाकल्या. मेसचा मुख्य दत्ताराम, मालवणचा माणूस, गोळ्या टाकताना मदतीला होता. म्हणाला, "मास्तर, कायएक घाबरू नकात. गेलला कापड काय इंग्लंडाक जाणा नाय. हयच खय तरी आसतला." भला माणूस आहे.

५ सप्टेंबर

आनंदाची गोष्ट. हेडमास्तरांच्या पत्नी, मिसेस हॉलिस, मृणालिनीकडून मराठी शिकणार आहेत. त्या बदल्यात मृणालिनीने त्यांच्या बंगल्यात शिवणाच्या मशीनवर हवे ते शिवावे. मुगभाटातली मुलगी इंग्रज बाईच्या मांडीला मांडी लावून बसते! तशा मिसेस हॉलिस मूळच्या आयर्लंडच्या. इंग्लंडमधलेच एखादे लहान गाव असावे. त्यांचा भाऊ तिकडे सरकारशी भांडून तुरुंगात होता, असे त्यांनी मृणालिनीला सांगितले. प्रत्येक घरात एखादा तसा निघतोच. मी तो विषय वाढवू नकोस म्हणून सांगितले.

२६ सप्टेंबर

बंगल्यावर चहाला बोलावणे होते. दुपारभर मशीन चालू असते, म्हणून मी नवे पडदे पाहायला उत्सुक होतो. पडदे जुनेच होते. बाईंचे मराठी किती झाले ते पाहावे म्हणून मी सावकाश, स्पष्ट शब्दांत म्हटले, "मॅडम, आता चहा व्हावा?"

त्या उठून उभ्या राहिल्या, मूठ छातीशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झालाच पाहिजे!"

उच्चार निर्दोष. 'च'सुद्धा नेमका. चहावर इतके प्रेम इंग्रज लोकांचेच. मृणालिनीला मात्र ठसका लागला आणि हॉलिससाहेब खिडकीबाहेरच्या गुलाबांकडे बराच वेळ पाहत राहिले.

१७ ऑक्टोबर

आता चार गाऊन गेले. ओकलींचा, बर्डसाहेबांचा, पाचव्यांचासुद्धा. किल्ली खिळ्यावर आहे, कुलूप शाबूत आहे. माझा संशय पी.टी.च्या मास्तरांवर आहे, कारण ते मला पाहून शीळ घालतात. भीत भीत हॉलिससाहेबांना सांगितले. ते गुलाबाच्या फांद्या कापत होते. मान वर न करता म्हणाले, "टिपणीस, परळची कसर चांगली शिकलेली दिसते. डॉक्टरेटपासून सुरुवात केली."

"साहेब, पोलिसांत कळवू का?"

"कसरीची तक्रार पोलिसांत? नको. ते तुमच्याकडेच संशयाने पाहतील."

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. किती विचारी माणूस!

१ नोव्हेंबर

आज द्विभाषिक राज्य सुरू झाले. संध्याकाळी कोणी मंत्री लालबागवरून जाणार होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे झेंडे घेऊन माणसे उभी होती. मी मनोऱ्यावरून पाहिले. (केवळ वसतिगृहाच्या सुरक्षिततेसाठी.) झेंडे अतिशय उंची कापडाचे होते. सुती नव्हे, चांगली दाट लोकर. एकाला तर लाल रेशमी किनार होती. गिरणीकामगारांच्या चळवळीकडे इतका पैसा कुठून येतो, याचा सरकारने तपास करायला हवा.

बायकांच्या रांगेत अंबिकाबाई पापडवाली पुढे होती. शेजारची बाई पाठमोरी होती. तिचे लुगडे मृणालिनीच्या हिरव्या लुगड्यासारखेच. घरी येऊन मी तसे सांगितले. मृणालिनीचा आवाज बसला होता, तिला खुणेनेच बोलावे लागले. ह्या दिवसांत सर्दी पटकन होते. आले-गूळ घ्यायला सांगितले.

२१ नोव्हेंबर

आज लिहू नये असे वाटत होते.

मृणालिनीने सकाळी देवाजवळ नव्हे, खिडकीत निरांजन लावले. गेल्या वर्षी याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता. पण तिचे त्या दिवसाशी तसे नाते नाही. तिचे नाते जानेवारीशी आहे. तेव्हा गिरगावात गोळी चालली, आणि तिचा मावसभाऊ रमाकांत दूध आणायला म्हणून उतरला तो परत आला नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. माझ्याकडे निबंध तपासून घ्यायला यायचा. ऱ्हस्व-दीर्घ कधीच धड नसे.

मी त्यानंतर तिच्याशी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. बोलले की दुःख वाढते असे मला वाटते. ऑल्डरटनला राहायला येण्यातही माझा तो एक हेतू होता. भिंत उंच आहे, हे मी उगाच म्हणालो नव्हतो.

आज मी म्हटले, "रडू नकोस."

ती म्हणाली, "मी कुठे रडतेय?" आणि खरोखरच ती रडत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मला काय करावे कळेना, म्हणून निरांजनात तूप घातले.

३ जानेवारी १९५७

अनर्थ! लॅम्बर्टसाहेबांनी समारंभाचा कार्यक्रम ठरवला. एकोणीस तारखेला सात शिक्षकांनी सात हेडमास्तरांचे मूळ गाऊन घालून हिरवळीवरून मिरवणूक काढायची. पाहुणे येणार, फोटो निघणार. रेव्हरंड पाइकांचा गाऊन इतिहासकार म्हणून मी घालायचा!

कपाटात धावलो. सातही हँगर रिकामे.

घरी येऊन मी जमिनीवरच बसलो. सगळे सांगितले. मृणालिनीचा चेहरा प्रथमच पांढरा पडला. "सातही हवेत?"

"सातही! नाहीतर माझी नोकरी गेली."

"आणि कधी म्हणालात? एकोणीसला?" ती बोटांवर काही मोजायला लागली. मग तिने पदर खोचला. "अहो, संक्रांत आलीय. माझी हळदीकुंकवं असतील रोज. तुम्हाला दोन वेळा मेसमध्ये जेवावं लागेल."

माझ्यावर आकाश कोसळले आहे आणि हिला हळदीकुंकू सुचते!

१५ जानेवारी

काल संक्रांत. लालबागच्या बायका मागल्या फाटकाने आमच्या घरी येतात, इथल्या तिकडे जातात. सणाला काळे नेसतातच, त्यामुळे कोण काय घेऊन आले आणि काय घेऊन गेले हे पाहणाऱ्याला कळत नाही. प्रत्येकीच्या हातात गाठोडे. वाण म्हणे. इतके मोठे वाण मी कधी पाहिले नाही. मिसेस हॉलिससुद्धा काळे लुगडे नेसून, कपाळाला कुंकू लावून आल्या, आणि दत्तारामाने तिळगूळ देताच त्यांनी बरोबर उत्तर दिले, "गोड बोला." बंगल्यातले मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

मी मात्र राजीनाम्याचा मसुदा तयार केला. भाषा चांगली साधली आहे.

१८ जानेवारी

चमत्कार! शेवटची आशा म्हणून सकाळी कपाट उघडले, आणि सातही गाऊन आपापल्या हँगरवर! जरा चुरगळलेले. कडेला काठी घालण्याएवढी दुमड दिसते, खांद्यावर शिवण नवी वाटते. पण गाऊन आहेत! पाइकसाहेबांच्या गाऊनला चुन्याचा वास येतो. जुन्या कपड्यांना येतो.

मृणालिनीला मिठी मारावीशी वाटली. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. वाणाच्या पिशव्या शिवल्या असाव्यात.

१९ जानेवारी

हे सारे नीट लिहायला हवे.

मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. बँड, हिरवळीवर मांडव, लॅम्बर्टसाहेब पाहुण्यांसह पहिल्या रांगेत. सात गाऊनधारी शिक्षक, सर्वांत पुढे मी. भिंतीवर, झाडांवर लालबागची माणसे चढून बसली होती. पहिले वळण घेऊन मी पाहुण्यांकडे पाठ केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, भिंतीकडून. माझ्या चालण्यात रुबाब आहे असे मला पूर्वीपासून वाटते, म्हणून मी आणखी सावकाश चाललो. मग माझ्याच वर्गातल्या मुलांचा आवाज आला. चाळीस मुले एका सुरात वाचत होती:

"सं-यु-क्त म-हा-रा-ष्ट्र!"

सांगतो, क्षणभर माझा ऊर भरून आला. दोन वर्षांत ह्या मुलांना 'ष्ट्र' धड वाचता आला नव्हता. आज एकाचीही चूक नाही! मग माझ्या मनात आले, की ही वाचतात कशावरून?

माझ्या पाठीवरून. चुन्याची अक्षरे धुऊन काढली होती, पण ऊन पडताच काळ्या लोकरीवर पुन्हा उठली होती. आणि भिंतीवरचे लोक खालची ओळ पूर्ण करत होते: "झालाच पाहिजे!" मागे वळून पाहिले तर डॉक्टर स्कडमोरांची लाल रेशमी किनार उन्हात झळकत होती, आणि तेव्हा कुठे मला मनोऱ्यावरून पाहिलेला झेंडा आठवला. पापड आठवले. हिरवे लुगडे आठवले. एकापाठोपाठ एक इतके आठवले, की मला हिरवळीवर खुर्ची मागावी लागली.

हेडमास्तरांच्या खोलीत लॅम्बर्टसाहेब लालबुंद होऊन उभे होते. कोणीतरी दत्तारामाला धरून आणले होते. मेसचे फाटक त्याच्या ताब्यात, म्हणून चोर तोच. पोलीस बोलावतो म्हणाले. तेवढ्यात दार उघडून मृणालिनी आत आली.

"त्याला सोडा. गाऊन मी नेले. झेंडे मी केले." ती इंग्रजीत बोलली. मिसेस हॉलिस मराठी शिकत असताना हीसुद्धा काही शिकत होती, हे मला आज कळले.

लॅम्बर्टसाहेब सबंध शरीराने माझ्याकडे वळले. "टिपणीस, तुम्हाला हे माहीत होतं?"

माझ्याआधी तीच बोलली. "ह्यांना काही माहीत नव्हतं. ह्यांना सहसा नसतं."

लॅम्बर्टसाहेबांचा आवाज नरम झाला. मी फक्त तेवढेच सांगावे. मला काही माहीत नव्हते, मी बायकोला माहेरी पाठवतो, एवढे सांगितले की हाऊसमास्टर मीच. पुढे सेकंड मास्टरचीही, म्हणजे हेडमास्तरांच्या खालोखालची, जागा रिकामी होणार आहे, असे ते म्हणाले.

सगळे खरेच होते. मला फक्त खरे बोलायचे होते. मी तोंड उघडले, आणि मृणालिनीकडे पाहिले. ती मला सोडवण्यासाठी मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा. आणि मला नोव्हेंबरातले ते निरांजन दिसले, ज्यात मी नुसते तूप घातले होते.

"साहेब," मी म्हणालो, "किल्ली माझ्याकडे होती. मी तिला दिली. सात वेळा."

आयुष्यात मी इतके सफाईदार खोटे बोललो नव्हतो. मृणालिनीने माझ्याकडे असे पाहिले, की लग्नानंतर तिने मला पहिल्यांदाच पाहिले असावे.

मग मिसेस हॉलिस कोपऱ्यातून म्हणाल्या, "कात्री माझी होती."

हॉलिससाहेबांनी चष्मा पुसला. "आणि मी चार महिने ते मशीन ऐकत होतो. ऐकू न यायला माणूस बहिरा असायला हवा," इथे त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिले, "किंवा टिपणीस."

लॅम्बर्टसाहेबांनी मला जागच्या जागी काढून टाकले. दत्तारामालाही काढणार होते, पण मेसमधून निरोप आला की पाहुण्यांची पाने मांडलेली आहेत आणि दत्ताराम आल्याशिवाय कोणी वाढायला हात लावणार नाही. पाहुण्यांत दोन बँकांचे डायरेक्टर होते. दत्ताराम सुटला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, तुमी सुद्धा? आमका वाटला तुमी खरेच भोळे!"

मी त्याला तसेच समजू दिले.

२ फेब्रुवारी

पुन्हा गिरगाव. आमच्या खोल्या दुसऱ्याला गेल्या, म्हणून राधामावशींकडे आलो. रमाकांतची आई. त्यांनी त्याची खोली आम्हाला दिली. त्याची पुस्तके तशीच फडताळात आहेत. मी म्हटले, आम्ही बाहेर ओटीवर झोपू. मावशी म्हणाल्या, "खोली बंद ठेवून मी एक वर्ष काढलं. आता कुणीतरी आवाज करा त्यात."

मी शिकवण्या सुरू केल्या. मुले मोठ्याने पाठांतर करतात. मावशी दाराशी बसून ऐकतात, आणि कोणी अडखळले की पुढला शब्द सांगतात.

मृणालिनीशी आज रमाकांतविषयी बोललो. बराच वेळ. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर दोघेही हसलो, आणि मग ती रडली. मी रडू नकोस म्हटले नाही.

२४ फेब्रुवारी

निवडणुकीची मिरवणूक. पहिल्यांदाच गेलो. मृणालिनी पुढे, मी मागे. घोषणेच्या वेळी माझा आवाज निघेना. मग एकदम निघाला, आणि सवयीने तोंडातून शब्द आला, "शांतता!" ठाकूरद्वारच्या नाक्यावर दोनशे माणसे एकदम गप्प झाली. अंबिकाबाईने ताबडतोब त्या शांततेत भाषण करून घेतले. नंतर म्हणाली, "मास्तर, येत जा हो. आमचा लाउडस्पीकर सारखा बिघडतो."

माझ्या आवाजाचे इतके चीज ऑल्डरटनमध्ये कधी झाले नाही.

१४ एप्रिल

हॉलिस पतिपत्नी आज बोटीने गेले. साहेबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. प्रथेप्रमाणे आपला गाऊन शाळेला ठेवायचा, तो त्यांनी बंदरावर मृणालिनीच्या हातात दिला. "कपाटात तो वाया जाईल," म्हणाले. मिसेस हॉलिस कठड्यावरून ओरडून काही सांगत होत्या. वाऱ्यामुळे ऐकू आले नाही. पण मूठ छातीशी होती, त्यावरून चहाविषयी नसावे.

२७ एप्रिल १९६०

तीन वर्षे दैनंदिनी लिहायला सवड नव्हती. आज लिहायलाच हवे.

चार दिवसांनी महाराष्ट्र राज्य होणार. मुंबईसह. आणि मी ऑल्डरटन स्कूलचा हेडमास्तर होणार!

मधल्या काळात बोर्डाने विलायतेहून दोन हेडमास्तर आणले. एकाला उन्हाळा सोसला नाही, दुसऱ्याला दत्तारामाचे माशाचे तिखले. लॅम्बर्टसाहेब कंपनी विकून गेले. शाळेची जमीन म्युनिसिपालिटीच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे बोर्डावर आता नगरसेवकही असतात. लालबागच्या नगरसेविका म्हणजे अंबिकाबाई. सत्तावन्नच्या निवडणुकीत त्या प्रचंड मतांनी आल्या. पापडांच्या धंद्यातून माणूस कुठवर जातो!

मुलाखतीत बोर्डातल्या बाकीच्यांनी अभ्यासक्रम, शिस्त, जमाखर्च असे प्रश्न विचारले. मी माझ्या हेडमास्तरांच्या इतिहासातले दाखले दिले, ओकलींच्या संडासांसकट. ते ऐकून बोर्डातले दोघे खाली वाकून काही शोधू लागले. शेवटी अंबिकाबाईंनी एकच विचारले, "मृणालताईंची हरकत नाही ना?"

मी स्पष्ट सांगितले, की असे निर्णय आमच्या घरी मी घेतो.

"हो का," त्या म्हणाल्या. "मग त्यांना सांगा, सोमवारपासून या म्हणावं दोघं. मुलींचा वर्ग काढायचाय, त्याचं त्या बघणारेत. ठरलंय आमचं."

वाटेत मी विचार करत आलो. चाळीस उमेदवार होते, त्यांत ऑक्सफर्डचे दोन. त्यांतून मला घेतले ते का, हे उघड आहे. सात हेडमास्तरांचा इतका सखोल अभ्यास दुसऱ्या कोणाचा नव्हता.

घरी राधामावशींनी साखर हातावर ठेवली. मृणालिनी मुलींच्या वर्गासाठी बाके मोजून आली होती, पायांना मैदानाची लाल माती होती. मी तिला सविस्तर समजावून सांगितले, की ही नेमणूक वशिल्यावर नव्हे, चळवळीवर नव्हे, निव्वळ इतिहासावर मिळाली आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. हसली नाही.

"खरंय," ती म्हणाली. "इतिहासावरच मिळालीय."

निदान तिला तरी ते पटले, याचे मोठे समाधान आहे.